सगळ्या गावाला चपला

आमच्या गावात मला 'चपलावाल्या मॅडम' म्हणतात. तालुक्याच्या ज्या कॉलेजात मी कॉम्प्युटर शिकवते, तिथपर्यंत आता हे नाव पोचलं आहे. फळ्याकडे तोंड केलं की मागच्या बाकाखाली कुणीतरी हळूच चप्पल आपटतं. वळून बघावं तर सगळे चेहरे साळसूद. माझा स्वभाव तापट आहे, ते मी मान्य करते, पण या एका बाबतीत मला चिडायची सोय नाही. चूक माझीच होती. फक्त लोक सांगताना तिखटमीठ फार लावतात. एकानं तर मी देवळाच्या पायरीवर बसून ढसाढसा रडले, इथवर मजल मारली. मी रडले नाही. पायरीवर बसले होते, एवढं खरं.

माझं माहेर राहात्याचं. तिथं बाजारपेठ असल्यामुळे एका गल्लीत दहा आडनावं. लग्न होऊन काष्टीच्या अलीकडच्या या गावात आले आणि बघते तर नऊ घरं सोडून सगळ्या गावाचं आडनाव एकच. सगळी भावकी. मतदारयादी वाचायला घेतली तर तेच आडनाव पानामागून पान. सुरुवातीला मला याची फार गंमत वाटायची. पुढं वाटेनाशी झाली, त्याचं कारण येतंच आहे.

गावात दरवर्षी सप्ताह बसतो. सात दिवस पारायण, कीर्तनं, आणि शेवटी काला. काल्याला आमचं गाव, वस्त्यांवरची माणसं आणि शेजारची दोन गावं जेवतात. आमटी देवळामागं मोठमोठ्या कढयांत शिजते, पण भाकरी घराघरातून येते. देवळापुढं ट्रॉली उभी करून तिच्यात धुतलेली पांढरी धोतरं अंथरतात आणि बाया टोपल्या आणून त्यात रिकाम्या करतात. कोणत्या घरानं किती भाकरी आणायच्या, कुणी वाढायचं, कुणी पत्रावळी उचलायच्या, हे ठरवायचं काम माझ्या सासऱ्यांचं. गाव त्यांना आबा म्हणतं, मी मामा म्हणते. सप्ताहाआधी आठ दिवस ते घरोघर चालत जायचे, ओट्यावर टेकायचे, चहा घ्यायचे आणि उठता उठता सांगायचे, "तुला चाळीस भाकरी," नाहीतर "तू वाढायला." त्या घराची सेवा त्या घरालाच सांगायची. दुसऱ्याला काय दिलं ते विचारायचं नाही, आणि आपल्याला मिळालं त्यावर कुरकुर करायची नाही, असा गावचा दंडकच.

या सगळ्यात एक सेवा अशी होती की तिचं नाव काढलं तरी माणूस खाली बघायचा. ती म्हणजे देवळाच्या दारात चपला राखणं. दरवर्षी ती कुठल्यातरी एका घराच्या वाट्याला यायची, आणि त्या घरानं त्या वर्षी काहीतरी करून ठेवलं असणार, असं सगळं गाव मनातल्या मनात समजून जायचं. मामांनी तसं कधी तोंडानं म्हटलं नाही. पण चपला ज्याला मिळायच्या तो दिवसभर मान खाली घालून बसायचा आणि मामा त्याच्या शेजारच्या दगडावर बसून राहायचे.

मग एका वर्षी मामांच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी त्यांचं फिरणं बंद केलं. सप्ताह तोंडावर आलेला. मामा खाटेवर बसून रस्त्याकडं बघत राहायचे. माझा नवरा म्हणाला, "फोन करा की एकेकाला." मामांनी त्याच्याकडं असं बघितलं की तो गोठ्यात निघून गेला.

"फोनवर कुनी सेवा सांगतं व्हय?" ते मला म्हणाले.

मला त्यांचं ते बसणं बघवेना. शिवाय खरं सांगायचं तर मला जरा मिरवायचंही होतं. इतकी वर्षं मी या घरात कॉम्प्युटरची मॅडम, पण घरच्यांनी माझ्याकडून करून घेतलेलं सर्वात मोठं काम म्हणजे विजेचं बिल भरणं.

"मामा, मी मोबाईलवर एक पान बनवते," मी म्हटलं. "ज्यानं त्यानं आपलं नाव घालायचं. त्याला त्याचीच सेवा दिसेल, दुसऱ्याची दिसणार नाही. अगदी तुम्ही जाऊन सांगितल्यासारखं."

"आन् च्या कोन पिनार?"

"चहा तेवढा राहील."

त्यांनी दोन दिवस विचार केला. तिसऱ्या दिवशी मला बोलावलं. "हे बघ सूनबाई, काल्याच्या पंगतीतनं आजवर कोन उपाशी उठलं न्हाई. ह्या साली कोन उठलं, तर कॉम्प्युटरला कोन जाब इचारनार न्हाई. म्हनतील, आबा थकला. गुडघ्यासंगं डोकंबी गेलं."

"तसं काही होणार नाही," मी म्हटलं. जरा ठसक्यातच म्हटलं. ते वाक्य पुढं मला बरेच दिवस आठवत राहिलं.

यादी त्यांनी दोन दुपारी बसून तोंडी सांगितली. वही नाही, चिठ्ठी नाही. "पैलं आपलं लिही," ते म्हणाले. "चपला."

माझी बोटं थांबली. "आपल्याला चपला? का म्हणून?"

"मला औंदा बसायचंच काम जमनार. लिही."

लिहिलं. मग घरामागून घर. "त्येला साठ. त्येच्या भावाला पन्नास. थांब, भावाला वीस कर." मी विचारलं, एकाच मळ्यातले दोन भाऊ आणि एकाला साठ, दुसऱ्याला वीस, असं का? तर म्हणाले, "कर म्हनलं ना." मला वाटलं, म्हातारपणाची लहर. केलं.

आता कामाचं थोडं सांगते. घाबरायचं कारण नाही. डेटाबेस म्हणजे शेवटी आखलेली यादीच. एका घराला एक ओळ आणि त्या ओळीत नाव, आडनाव, सेवा. मोबाईलच्या पानावर मी दोन चौकटी दिल्या, नावाची आणि आडनावाची. त्या भरून बटण दाबलं की माझी स्क्रिप्ट डेटाबेसकडं जाऊन विचारणार, या माणसाची ओळ द्या, आणि आलेलं उत्तर पानावर दाखवणार. या विचारण्याला आम्ही क्वेरी म्हणतो. हा पहिल्या सत्राचा धडा. मी पोरांकडून तो इतक्यांदा घोटून घेतला आहे की भाकरी थापता थापतासुद्धा लिहू शकले असते. बहुतेक तसाच लिहिला.

अडचण एकच होती. मामा म्हणाले, "कागदावरचं नाव इथं कोन वापरतं? निम्मं गाव हाकंचं नाव टाकील." माणसाच्या नावात असा घोळ असेल तर आपण जरा मन मोठं करावं, असं मला वाटलं. म्हणून क्वेरीत मी लिहिलं, नाव किंवा आडनाव, दोन्हींपैकी एक जरी जुळलं तरी चालेल.

राहात्यात हे चाललं असतं. इथं जो येईल त्याचं आडनाव जुळणार होतं. म्हणजे डेटाबेस प्रत्येकाच्या पुढ्यात अख्खी भावकी ओतणार होता. आणि आलेल्या ओळींपैकी माझी स्क्रिप्ट पहिली तेवढी उचलून पानावर लावणार होती, कारण उत्तरात एकच ओळ येईल असं मी गृहीत धरलं होतं. पहिली ओळ कुणाची होती ते वर सांगितलंच आहे.

पण मी तपासून बघितलं होतं हो! हेच तर दुःख आहे. मामांच्या खाटेजवळ बसून मी आमच्याच घराचं नाव घातलं, बटण दाबलं. पानावर आलं, 'आपली सेवा: देवळाच्या दारात चपला राखणे. वेळ: सकाळी आठ.' मामांनी चष्मा लावून दोनदा वाचलं. "बराबर हाय की," ते म्हणाले. मी ते गावाच्या ग्रुपवर टाकून दिलं आणि नवऱ्याला म्हटलं, "बघा, याला म्हणतात काम."

सप्ताह बसला. मी तक्रारींची वाट बघत होते. एखादं पान नवीन चालू केलं की पहिल्या दिवशी फोनची रांग लागते, हा माझा अनुभव. इथं एकही फोन नाही. ग्रुपवर कुणी 'जय हरी' टाकलं, कुणी हात जोडले, बस्स. माझी छाती फुगली. कॉलेजच्या स्टाफरूममध्ये मी दोघींना सांगूनसुद्धा टाकलं की गावाकडची माणसं शहरातल्यांपेक्षा शिस्तीची असतात.

मग घरी माणसं यायला लागली.

पहिल्यांदा शेजारच्या काकू आल्या. माझ्या लग्नाच्या वेळी त्यांनी आमचं मोठं पितळी पातेलं नेलं होतं. माझं लग्न होऊन मुलगी आता सातवीत आहे. काकूंनी पातेलं चिंचेनं लखलखीत घासून आणलेलं, ओट्यावर ठेवलं आणि मामांना म्हणाल्या, "इसरून राहिलं बगा. आमाला मान्य हाय, आबा." आणि मागं न बघता गेल्या.

"काय मान्य हाय?" मामांनी मला विचारलं.

"पातेलं आपलं आहे, ते," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी आमच्या बांधाला बांध लागून असलेला शेतकरी आला. उन्हात टोपी हातात घेऊन उभा. "आबा, दोन फूट माझ्याकडनं सरकलं हुतं. सकाळी मागं घेतलं. आमाला मान्य हाय." त्या दोन फुटांवरून मामा आणि तो, दोन्ही घरं, कितीतरी वर्षं एकमेकांच्या दारचं पाणी पीत नव्हती. मामा आ वासून बघत राहिले. शेवटी म्हणाले, "बरं केलंस. बस, च्या घे." तो बसला नाही, पण जाताना डोळे पुसत गेला.

तिसऱ्याचं आम्हाला डेअरीतून कळलं. तो रोज दुधात पाणी घालतो हे गावातल्या म्हशींनासुद्धा ठाऊक होतं. अचानक त्याच्या दुधाला एवढं फॅट लागलं की डेअरीवाल्यानं मशीन बिघडलं म्हणून माणूस बोलावला. चौथ्यानं भावजयीशी बोलणं सुरू केलं. भावजय घाबरली आणि त्याला दाखवायला दवाखान्यात घेऊन गेली.

"ह्या साली महाराज चांगले आलेत," मामा म्हणाले. "कीर्तनाचा गुन दिसाय लागला."

मलाही तसंच वाटलं. एक गोष्ट मात्र मी कानाआड केली. विहिरीवर बाया फार आनंदात होत्या. एक म्हणाली, "औंदा लई निवांत हाय बाई." दुसरी नुसती हसली. एरवी काल्याच्या आदल्या दिवशी गिरणीपुढं पिठाच्या डब्यांची रांग लागते. त्या दिवशी गिरणीवाला दारात बसून पेपर वाचत होता. मी त्याच्या समोरून गाडीवर गेले, हात केला, आणि माझ्या डोक्यात काही म्हणजे काही शिरलं नाही.

काल्याच्या दिवशी सकाळी आठला आम्ही मामांना टेम्पोत बसवून देवळात नेलं. देवळापुढं ही गर्दी! नवरा म्हणाला, "या वर्षी लोक वेळेत आले." जवळ गेलो तर प्रत्येक घरातला एक जण दाराशी उभा. कुणाच्या हातात सुतळी, कुणाकडं गोण्या, कुणाकडं खडू. एकानं बाटल्यांच्या बुचांवर नंबर टाकून बिल्ले करून आणले होते. सगळ्यांचे चेहरे पडलेले. आणि मध्येच दोघं एकमेकांवर गुरकावत होते.

"चप्पल हितं काढ. मी राखनार हाय."

"मी राखनार हाय. तू काढ."

"तुला कशापायी दिल्या रं चपला?"

"तुला कशापायी दिल्या, त्ये सांग आदी."

दोघांनी एकमेकांच्या हातांकडं बघितलं. मग प्रत्येकानं शेजाऱ्याच्या हातातली सुतळी बघितली. आपल्या एकट्याचीच बेइज्जती झालीय असं समजून जे गाव आठ दिवस तोंड शिवून होतं, ते गाव एकमेकांकडं टकामका बघायला लागलं. चपला राखायला दीडशेच्या आसपास माणसं आणि राखायला चपला फक्त नऊ घरांच्या, कारण बाकीच्यांच्या चपला आपापल्या हातात होत्या.

त्या वेगळ्या आडनावांच्या नऊ घरांना तेवढी बरोबर उत्तरं मिळाली होती. त्यामुळे पाण्याचा टँकर आला होता, पत्रावळी आल्या होत्या, लाउडस्पीकर लागला होता. आचारी काष्टीहून पहाटेच येऊन आमटी चढवून बसला होता आणि तिचा वास सुटला होता. फक्त ट्रॉलीत अंथरलेलं धोतर पांढरंशुभ्र होतं. त्याच्यावर एकही भाकरी नव्हती.

मी मामांकडं बघितलं. ते ट्रॉलीकडं बघत होते. त्यांचा चेहरा मी कधी विसरणार नाही. मी पायरीवर बसले ती तेव्हा. बॅगेतून लॅपटॉप काढला, मोबाईलचं नेट जोडलं आणि माझीच स्क्रिप्ट वाचायला लागले. चूक सापडायला दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत. 'किंवा' च्या जागी 'आणि' हवं होतं. हीच चूक परीक्षेत केली म्हणून मी एका पोराचे पाच मार्क कापले होते. तो पोरगा तिथंच दाराशी उभा होता, हातात गोणी घेऊन, घराकडून सेवेला आलेला. मी त्याच्याकडं बघितलं नाही.

तोवर गर्दीचा आवाज वाढला होता. बांध मागं घेतलेला तो शेतकरी पुढं आला.

"आबा, म्हंजी सगळ्यांलाच चपला दिल्यात व्हय? मंग माझा बांध?"

"आन् माझं पातेलं?" मागून काकू ओरडल्या. पातेलं आमचं होतं, पण ती वेळ तो वाद घालायची नव्हती.

"मॅडमचा कॉम्प्युटर चुकलाय!" कुणीतरी म्हणालं. झालं. सगळे माझ्याकडं वळले. मी उठून उभी राहिले. चुकलं माझं, असं म्हणायला तोंड उघडलं, आणि एवढ्यात लाउडस्पीकरवर खाकरल्याचा आवाज आला.

मामांनी माईक मागून घेतला होता. प्लास्टिकच्या खुर्चीत बसून, काठी आडवी धरून ते बोलले. "कॉम्प्युटर चुकला न्हाई. म्याच सगळ्यांला चपला दिल्या. आठ दिस हुते तुमाला, ज्येनं त्येनं आपलं आपलं बगून घ्यायला. कुनी बगितलं, कुनी न्हाई. ज्येनं बगितलं त्येनं आता मागं फिरायचं न्हाई." त्यांनी काठी गावाकडं रोखली. "आता खरी सेवा फोन उघडून बगा. आन् पळा घराकडं. बारा वाजता काला हाय."

माझे सासरे आयुष्यात खोटं बोलले नव्हते. बैल विकताना काष्टीच्या बाजारात गिऱ्हाइकाला बैलाची खोड आधी सांगणारे ते, आणि त्यापायी दोनदा बैल परत घरी घेऊन आलेले. आणि ते देवळाच्या दारात, माईकवरून, अख्ख्या गावापुढं माझ्यासाठी खोटं बोलले. मी तेव्हाही रडले नाही, कारण मला नवीन पान चालू करायचं होतं आणि नेट जात-येत होतं. या वेळी मी एकाच नावावर विसंबले नाही. भावकीतल्या समोरच्या दहा-बारा जणांची नावं विचारून, घालून, तपासून मगच हिरवा कंदील दाखवला. हाकेचं नाव ज्याचं जुळेना, त्याला कागदावरचं घालायला लावलं.

पुढचा देखावा बघण्यासारखा होता. दाराशी उभी असलेली सगळी माणसं मोबाईल वर धरून रेंज शोधत होती, सापडली की "साठ!" "तीस!" असं ओरडून पळत सुटत होती. बायांनी दारात नवऱ्यांचं काय स्वागत केलं ते मी लिहीत नाही. गिरणीवाल्यानं पेपर टाकून पट्टा चढवला. घराघरातून धूर निघाला. इतक्या भाकऱ्या एका वेळी थापल्याचा आवाज मी जन्मात ऐकला नव्हता. गावाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत नुसतं थप थप थप.

इकडं कीर्तनकार महाराजांच्या कानात कुणीतरी सांगितलं होतं की भाकरी येईपर्यंत सोडू नका. बिचाऱ्यांनी काला लांबवला. गोकुळातली ती दह्याची हंडी त्यांनी त्या दिवशी तीनदा फोडली. तिसऱ्यांदा फोडताना ते स्वतःच हसले. साडेबाराला पहिली टोपली आली, एकला ट्रॉली भरली. काही भाकऱ्या करपलेल्या, काही कच्च्या, एक तर चक्क चौकोनी होती. पण पंगती बसल्या, उठल्या, परत बसल्या. शेवटच्या पंगतीत मी स्वतः वाढत होते आणि प्रत्येक पत्रावळीवर नजर ठेवून होते. उपाशी कुणी उठलं नाही. मी हे मोठ्यानं मामांना जाऊन सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि म्हणाले, "चल, आपली सेवा राहिली हाय."

आपली सेवा म्हणजे चपला. आम्ही दोघं पंगतीकडं असताना सकाळच्या त्या दीडशे राखणदारांनी परत येऊन त्या आपापल्या डोक्यानं लावल्या होत्या. कुणी गोणीत भरल्या, कुणी सुतळीत ओवल्या, कुणी डाव्या एकीकडं आणि उजव्या दुसरीकडं. आणि आता जेवून तृप्त झालेलं गाव आपली जोडी मागत दाराशी उभं होतं. मामा खुर्चीत, मी त्यांच्या पायाशी जमिनीवर. त्यांनी सांगायचं, मी शोधून द्यायची.

एकानं काळी चप्पल मागितली. ढिगात पहिली काळी दिसली ती मी उचलून दिली. तो घालायला लागला तेवढ्यात मामांनी काठीनं अडवलं.

"पैली सापडली की उचलून द्यायची न्हाई, सूनबाई," ते म्हणाले. "सगळ्या बगायच्या. मंग त्येची द्यायची."

मी वर बघितलं. त्यांच्या मिशीत हसू होतं. एवढंच ते त्या सगळ्या प्रकरणावर मला बोलले, आजतागायत.

मग मी सगळ्या बघायला लागले. आणि बघता बघता माझ्या लक्षात आलं की मामाही बघत होते. एक जोडी हातात आली, तिचा अंगठा तीन ठिकाणी शिवलेला, टाचेला दुसऱ्याच चपलेचा तुकडा ठोकलेला. मामा हळूच म्हणाले, "ह्येला पुढच्या साली धाच भाकरी." मला कळेना. दुसरी आली, नवी कोरी, चकचकीत बकल. "ह्येला आता सत्तर झेपतील." मी त्या जोडीच्या धन्याकडं बघितलं. साठवाला भाऊ तो. आणि शिवलेली चप्पल न्यायला आला तो त्याचाच भाऊ, वीसवाला.

"मामा, तुम्ही याच्यावरून भाकरी ठरवता?"

"तोंडावरनं काय कळतंय? तोंडानं सगळेच म्हनत्यात, बरं चाललंय." ते म्हणाले. "म्हनून तर दरसाल हितं बसतो."

"मग ज्याला चपला राखायला देता, त्याला शिक्षा म्हणून नाही?"

"शिक्षा कोन म्हनलं? एकट्यानं सगळ्या बगून हुत न्हाईत. शेजारी कोनतरी लागतं." त्यांनी गुडघा चोळला. "त्येंनीच ठरवलं शिक्षा म्हनून. मला वाटलं, असू दे. त्या भ्यानं बांध मागं सरकत्यात."

मी हसले आणि मग मला हसता येईना. दोन दुपारी मी त्यांची यादी टाईप करून घेतली होती आणि मला वाटलं होतं की ती आता माझ्याकडं आली. आकडे तेवढे आले होते.

दार रिकामं व्हायला दुपार कलली. शेवटी दोनच जोड्या उरल्या, एक त्यांची आणि एक माझी. मी त्यांची त्यांच्या पायात सरकवली. दवाखान्यातून आणलेली मऊ चप्पल, एका बाजूनं आत्ताच झिजायला लागलेली. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवून उठायचा प्रयत्न केला, जमलं नाही, परत बसले.

"पुढच्या सालापासनं चपला तुला," ते म्हणाले.

आठ दिवस आमच्या दारात येऊन उभी राहिलेली सगळी माणसं मला आठवली, टोपी हातात घेतलेली, पातेलं काखेत मारलेली. त्यांनी जे म्हटलं तेच मी म्हटलं.

"आमाला मान्य हाय, मामा."